हाराची जागा

नवी पेठेतल्या हत्तुरे फोटोवाल्यांनी
माझे चाळीस प्रिंट पत्त्यांसारखे पिसले
आणि एकही पान न उतरता परत दिले.
"तलाव चांगला आलाय," म्हणाले,
"पण तलाव पैसे देत नाही."

कॅमेरा जुना, हप्ता नवा.
अण्णांच्या मागावर टॉवेलांच्या मधूनमधून
अजून सात महिने माझी लेन्स विणली जाणार.

मामेबहिणीचं बारसं : घरचंच कार्य.
चिलकांची वास्तुशांत : जेवून जा हं.
फोटो बघून सगळे म्हणतात, छान.
हल्ली मी या शब्दाला घाबरतो.

मग विडी घरकुलातून नरसव्वा बोल्लींनी बोलावलं.
सूप बाजूला सारलं, पदर घेतला,
भिंतीला टेकून बसल्या.
"वर जागा सोड रे. हार मावला पाहिजे."

पहिला हलला. माझाच हात.
दुसऱ्यात त्यांचे डोळे मिटलेले;
तो मी दाखवलाच नाही.
तिसरा बघून त्या बराच वेळ गप्प.
"मी एवढी रागीट हाय व्हय?"
मग, "असू दे. सुनेला धाक राहील."

हजार विड्यांची मजुरी मोजून दिली,
नोटांना तंबाखूचा वास.
वर पावती मागितली.
पावतीपुस्तक कुठलं?
पाकिटावरच लिहून दिलं, पोचले,
आणि खाली सही, आडनावासकट.

तो एकच प्रिंट घेऊन परत नवी पेठेत.
हत्तुरेंनी चष्मा कपाळावर सरकवला,
फोटो दाराच्या उजेडात धरला.
"हार कुठल्या मापाचा धरलायस?"