जात बदलल्याची नोंद

मातेवोसने फ्रीजर उघडला
तेव्हा आतली वाफ क्षणभर त्याच्या चष्म्यावर बसली.
चौथ्या खणात, डावीकडून सातवी कुपी:
वोलाइता. अस्नाकेच यांचं परसू.
कापलेल्या देठातून आलेला पिवळा थेंब.
खाली त्याच्याच अक्षरात, फिकटलेल्या शाईत,
झँथोमोनास कॅम्पेस्ट्रिस.

त्यातलं कॅम्पेस्ट्रिस आता खोडायचं.

इतकी वर्षं तो कोबी कुजवणाऱ्यांच्या घरात मोजला गेला.
तपासलं नव्हतं असं नाही.
रंग बघून तपासलं, बशीतली चकचकीत वाढ बघून,
कोणत्या झाडाला मारतो ते बघून;
गुन्ह्यावरून आडनाव पाडावं तसं.

मग त्याची अक्षरं वाचली.
अक्षरं चारच, पण पन्नास लाखांच्या घरात पसरलेली
एक ओळ,
जिला टोक नाही, कारण ती गोल आहे.
ती दुसऱ्यांच्या ओळींशेजारी ठेवली.
शंभरात पंच्याण्णवच्या वर जुळलं तर एक जात,
असा साधारण हिशेब.
कोबीवाल्यांशी जुळलं नाही.
ज्वारी-मक्याच्या पानांवर रेघा ओढणाऱ्यांशी जुळलं,
उसात शिरणाऱ्यांशी जुळलं,
इतकं, की भावकीच निघाली.
नवं नाव व्हॅसिकोला:
नळ्यांत राहणारा.

(जात हा शब्द लिहिताना माझा हात थबकतो.
माझ्या भाषेत तो कुपीवर चिकटवून
बाजूला होता येत नाही.
वोलाइतांच्या भाषेतही असा एखादा शब्द असेल.
मी मातेवोसला विचारलं नाही.)

अस्नाकेचच्या परसात एन्सेट.
लांबून केळीची थोरली बहीण,
पण खाण्याजोगा घड देत नाही.
हिचं खोड खरवडायचं, कंद किसायचा,
पानांत गुंडाळून खड्ड्यात आंबवायचं,
आणि महिन्यांनी भाकरी.
अस्नाकेच तेरा एन्सेट नावानिशी ओळखते.
हल्ला, लेंबो, अर्किया, सिल्कान्तिया...
शिरेच्या रंगावरून, देठाच्या तांबूस कडेवरून,
बोटांना चिकटणाऱ्या रसावरून,
आणि काही बाबतीत कशावरून ते तिलाही सांगता येत नाही.
रोग आला तरी बहुतेक वेळा उभा राहतो
तो माझिया.
नाव तिचं.
माझ्या कानाला मात्र जुन्या ओवीतून
कुणीतरी हळूच हक्क सांगितल्यासारखं.

शनिवारी मातेवोस आला, बुटांना लाल चिखल.
म्हणाला, त्याचं नाव बदललं.
कुणाचं?
पिवळ्या थेंबाचं.
का, लग्न झालं का त्याचं?
म्हणून ती हसली, पदराआड नव्हे, चांगली तोंडभर.

तो समजावू लागला.
ओळ, अक्षरं, कोबी नाही, ज्वारी, मका...
मक्यापाशी तिचं हसू थांबलं.
एन्सेटच्या सावलीपलीकडे, त्याच कुंपणात,
तिचा मका गुडघ्याला लागला होता.

म्हणजे हा त्याच्या घरचाच?

कुंडीतल्या मक्याला टोचला तर आजार धरतो,
मातेवोस म्हणाला.
शेतात आपणहून जातो का, माहीत नाही.
हे त्याने दोनदा सांगितलं,
दुसऱ्यांदा हळू.

तिने आणखी काही विचारलं नाही.
एन्सेट कापायची सुरी चुलीत धरली,
पातं तापेपर्यंत.
कॅम्पेस्ट्रिस होता तेव्हाही ती हेच करायची;
शेजारीण मात्र मागून नेलेली सुरी
तशीच परत द्यायची.

मग ती आत गेली
आणि मक्याचा विळाही घेऊन आली.