तिसरी ठिणगी

उद्यमबागेत रात्री अडीच वाजता
भरमाण्णा लेडलमधून पळीभर लोखंड काढतो,
तांब्याच्या साच्यात ओततो,
आणि चिमट्यात धरून आणतो माझ्याकडे
बिस्किटाएवढी, अजून चटका देणारी टिकली.

मी ती पाण्यात बुडवते, पट्ट्यावर घासते,
यंत्राच्या तोंडावर उपडी ठेवते.
आर्गॉन सुस्कारतो.
मग ठिणगी.

बाहेरून एवढंच.
आत लोखंडातले अणू उखडून उडालेले,
कुणाकुणाचा इलेक्ट्रॉन वरच्या पायरीवर भिरकावलेला,
आणि तो उतरतो.
उतरतो म्हणजे काय,
हुंदरे सर फळ्यावर जिना काढायचे,
खडू वरच्या पायरीवर टेकवायचे, मग खालच्या,
मधला फळा कोराच.
"मध्ये तो कुठं असतो सर?"
"मधलं विचारू नकोस. उतरताना जे सांडतं
तेवढंच आपलं."
तेव्हा राग आला होता.
आता माझा पगार त्या सांडण्यावर चालतो.

सांडलेला उजेड फटीतून जातो, जाळीवर उलगडतो.
कार्बन एकशे त्र्याण्णव नॅनोमीटरला,
मॅग्नेशियम दोनशे ऐंशीच्या जरा अलीकडे,
डोळ्यांना यातलं काही दिसत नाही.
दाराबाहेरच्या चपला बघून
आत कोण आलंय ते कळावं, तसं कळतं.
मँगनीज संडूरच्या खाणीतलं असो
की फोडलेल्या जहाजाच्या भंगारातलं,
चप्पल तीच.
पायऱ्यांची उंची कुठल्याच गावात बदलत नाही.

पुण्याहून आलेला भाचा, इंद्रनील, परवा म्हणाला,
"मावशी, तुमचं बेळगाव सुपरपोझिशनमध्ये आहे.
कर्नाटकात पण, महाराष्ट्रात पण."
पोह्यांवर लिंबू पिळत मी म्हटलं, नाही रे बाबा.
इलेक्ट्रॉनचा कोर्टात दावा नाही.
दोन पाट्यांमध्ये त्याचा जीव टांगलेला नाही.
दोन अवस्था मिसळतात तेव्हा
ते अर्धं हे, अर्धं ते, असं नसतं.
ते तिसरंच असतं, अख्खं,
फक्त आपल्याकडे त्याला शब्द नाही.
बोलून गेले, आणि जीभ चावली,
कारण भरमाण्णा तसाच बोलतो.

"एष्ट बंतु?" आत्ताही तो काचेबाहेरून विचारतोय.
"थांब की जरा, अजून दोन मारायच्यात."

पहिली ठिणगी: मॅग्नेशियम लाखात एकतीस.
कमी. एवढ्यावर ओतलं तर कास्टिंग तडकणार.
दुसरी: लाखात शेहेचाळीस.
एकच टिकली, एकच मी, आणि दोन आकडे.

हा काही अणूचा लहरीपणा नव्हे.
टिकलीत बारीक भोक असेल, नाहीतर माझं घासणं कच्चं.
लहरीपणा आहे, पण तो वेगळा:
कुठला अणू कुठल्या क्षणी उतरेल
हे मला माहीत नाही, यंत्राला नाही,
अणूलाही नाही.
लपवून ठेवलेलं उत्तर कुठे नसतंच,
हे पचायला मला दहा वर्षं लागली.
आणि तरी असे अब्जावधी बेभरवशाचे
एका ठिणगीत एकत्र आले
की दिलेला शब्द मोडत नाहीत.
माणसांच्या गर्दीबद्दल मी असं म्हणणार नाही.

तिकडे लेडलमधून मॅग्नेशियम उडून चाललंय.
दहा मिनिटांची मुदत, सहा गेली.
भरमाण्णा घड्याळाकडे बघत नाही, माझ्या पाठीकडे बघतो.
ते मला न बघता कळतं.

पुन्हा घासते. या वेळी नीट, कडेपासून आत.
तिसरी.
लाखात एक्केचाळीस.

पहिली मी खोटी धरते.
काचेतून हात वर करते.
त्याला माझा आवाज जात नाही, हात पुरतो.

तीन काळे डाग पडलेली टिकली
हीट नंबर घालून डब्यात टाकते.
बाहेर साच्यांत लोखंड उतरू लागलेलं,
पायऱ्या न घेता,
सरळ.