गाळलेल्या जागा

डॅग्नीच्या पहिल्या रेकॉर्डच्या तीनशे प्रती निघाल्या.
त्यातल्या एकशेचाळीस अजून माझ्या गॅरेजात आहेत,
टायरांच्या राशीमागे, उंदरांपासून सुरक्षित.
मी तिचा ड्रमवाला. वीस वर्षं झाली.
म्हणजे ती गात होती ती वर्षं धरून,
आणि गात नव्हती तीही.

तेव्हा एक व्हॅन होती, मागचं दार दोरीने बांधलेली.
डुलुथहून निघायचं. फार्गो, बिस्मार्क, आणि परत.
बारमध्ये अकरा माणसं,
त्यातली चार पाठमोरी, बिलियर्डवर वाकलेली.
डॅग्नी डोळे मिटून गायची.
डोळे मिटले की
अकराचे किती करायचे ते आपल्या हातात.

मग मिनियापोलिसहून एक छोटी कंपनी आली. खरंच आली.
त्या माणसाने कॉफी पाजली, कागद पुढे सरकवले.
त्याच आठवड्यात रात्री दोनला फोन वाजला:
"आर्विड, आपल्यात एक नवं वाद्य येतंय.
मार्चमध्ये."
कंपनी म्हणाली, थांबू.
थांबली नाही.
मार्चही थांबला नाही.

एल्सीचा बाप अलास्काला मासेमारीला गेला
तो तिकडचाच झाला.
आणि एल्सी झोपेची वैरीण.
तिची टोपली कपडे वाळवायच्या यंत्रावर ठेवून
डॅग्नी त्या घरघरीत सूर मिसळायची,
एका हाताने टोपली धरून, दुसऱ्याने मोजे जुळवत.
पुढच्या सगळ्या गाण्यांखाली तो खर्ज आहे.
ऐकणाऱ्यांना वाटतं, चेलो.

अडतिसाव्या वर्षी तिने विद्यापीठात नाव घातलं.
विषय: सरोवराच्या तळाचा गाळ.
मी हसलो.
ते हसू तीन आठवड्यांच्या अबोल्याने फेडलं.

एकदा तिने मला प्रयोगशाळेत नेलं.
थंड खोली, लांब टेबल,
आणि उभी चिरलेली एक नळी, आत चिखल.
"बोट नको लावू," ती म्हणाली, "हे एकोणिसावं शतक आहे."
नखाएवढी एकेक रेघ, एकेक वर्ष.
ही काळी, वणव्याची.
ही भुरकट, लाकूडगिरण्यांची.
आणि मध्ये वीतभर नुसता राखाडी गोळा,
रेघ नाही, काही नाही.
"इथे काही साठलंच नाही?"
"साठलं होतं. किड्यांनी ढवळून टाकलं.
माझे सर याला गहाळ म्हणतात."
मग हातमोजे काढत, माझ्याकडे न बघता,
"पण बघ ना, जाडी तर आहे."

प्रबंध व्हॅनमध्ये लिहिला गेला,
दंतवैद्याच्या बाकावर, पोहण्याच्या तलावाच्या वाफेत.
दोनदा मुदत हुकली.
एकदा एल्सीचं मनगट मोडलं म्हणून,
एकदा कशामुळेच नाही,
नुसतीच थकली होती.

मे महिन्यात, तोंडी परीक्षा झाली त्याच रात्री,
बंदराजवळच्या एका बिअरच्या कारखान्यात
आम्ही वाजवलं. आठ वर्षांनी.
नव्या गाण्यात तिने आठ आवर्तनं कोरी सोडलेली.
शब्द नाहीत, गिटार नाही.
तालमीत मी विचारलं होतं, इथे मी काय करू?
"काही नको. नुसतं मोज."

मी मोजत होतो.
एक. दोन. कुणीतरी खोकलं.
चार.
पाचव्यात पुलाखालून लोखंडाची माती नेणाऱ्या जहाजाने
भोंगा दिला, लांबलचक, बेसूर,
आणि डॅग्नी माइकमध्येच हसली,
समेवर मात्र बरोबर आली.

माणसं तेवीस. या वेळी डोळे उघडे होते, तिनेही मोजली.
कोपऱ्यातल्या टेबलावर एल्सी,
चौदा वर्षांची, बीजगणिताच्या वहीवर रेकॉर्डचे पैसे मांडत होती.
"आईचा आवाज इतका बारीक होता?"
तिने गाडीत विचारलं.
कुणीच उत्तर दिलं नाही, वायपर चालू होते.

गॅरेजात आता एकशेसदतीस आहेत.