उत्तम अधिवास

लांडगी जिवंत असते तेव्हा कॉलर सावकाश बोलते,
टिक... दमानं... टिक.
मेली की घाई करते.

सिग्नीला हे तीन हिवाळे ठाऊक आहे,
तरी पहाटे ट्रकमध्ये, कानाशी रिसीव्हर,
तिला उलटंच वाटतं :
इतकं धडधडतंय, ते मेलेलं कसं?

नकाशात हा चौकोन गडद हिरवा.
हरणं भरपूर, पक्का रस्ता चार मैल लांब,
सुपीरियरवरून येणारा बर्फ मांडीपर्यंत.
गुण शून्य पूर्णांक एक्क्याण्णव.
तिनंच दिलेले.

लाकूडतोड्यांच्या जुन्या पुलाखाली
कॉलर सापडली, पाण्यात.
पट्टा सुरीनं कापलेला,
सरळ, सवयीच्या हातानं.
लांडगी नाही. केससुद्धा नाही.

रुतलेला ट्रक आर्व्हिड लाक्सोनं ओढून काढला.
थर्मासमधली कॉफी दिली.
"यंदा वासरं वाचली," एवढंच बोलला,
हातमोजे न काढता.
कॉफी गरम होती. ती प्यायली.

रात्री तक्त्यात एकच रकाना उरला :
शून्य की एक.
एक लिहिलं.
मग नकाशा उघडून
आर्व्हिडच्या धुराड्याभोवतीचे हिरवे चौकोन
कितीतरी वेळ बघत राहिली.
जंगल मोजायची सूत्रं होती तिच्याकडे.
कॉफीचं काय करायचं,
ते कुठल्याच रकान्यात बसेना.