पाच-आठ

पाच-आठ, पाच-सात, पाच-सात, पाच-सात,
पाच-आठ, पाच-आठ.
हा कुठल्या शाळेतला पाढा नाही.
भुसावळच्या रेल्वे लायनीमागं, करकरणाऱ्या कूलरसमोर
लेस्ली सर तो शनिवारी घोकून घेतात
आणि मी, चौतिसाव्या वर्षी, पहिलीतल्या पोरीसारखी
खालून वर म्हणते, वरून खाली म्हणते.

कंपनीत मी ठिबकच्या नळ्या तपासते.
भोक ते भोक चाळीस सेंटिमीटर,
एक जरी सरकलं तर अख्खं बंडल बाजूला.
गिटारच्या पट्ट्या तशा नाहीत.
वर जावं तशा एकमेकींच्या जवळ येतात,
शेकोटीपाशी सरकणाऱ्या बायांसारख्या.
पहिल्या दिवशी मी फूटपट्टी लावून पाहिली.
सर म्हणाले, "शिकाले आली का धाड टाकाले?"

एकतीस वर्षं शंटिंगला होते ते.
रात्रीच्या यार्डात बत्ती हलवून डबे जोडायचे,
म्हणून उदाहरणंही सगळी तिथलीच.
पाच आकार म्हणजे पाच रेक.
एकाचा शेवटचा डबा तोच दुसऱ्याचा पहिला,
जोड कुठंय ते बघ आणि तिथून सरक.
कॉर्ड म्हणजे फलाट.
किती का हिंडेनास, ए मायनर आली
की ए-वर थांब, सी-वर थांब, ई-वर थांब.
मधेच उतरू नको,
तिथं चहाबी भेटत नाही.

आठ महिने झाले.
मला नकाशा येत होता, गाव येत नव्हतं.
सर ए मायनर, जी, एफ वाजवत राहायचे
आणि मी जिना चढायची, जिना उतरायची.
"हे पाठांतर झालं बाई. आता बोल काहीतरी."
बोलू काय?
दिवसभर मी दोनच शिक्के मारते,
पास आणि नापास.
"जेवू द्या तिले आधी," आतून इंदूकाकू,
आणि भरिताचा धूर तारांवरून जायचा.

मग नणंदेच्या पोरीनं माझा व्हिडिओ काढला
आणि म्हणाली, मामी, तुझी करंगळी झोपलीये का?

पाहिलं मी. तीनदा पाहिलं.
आठव्या पट्टीवर दर वेळी अनामिका उडी मारतेय
आणि करंगळी तळहाताशी मुडपून बसलीये,
पाहुण्यांसमोर न येणाऱ्या पोरीसारखी.

सरांच्या डाव्या हाताला करंगळी नाही.
दोन डब्यांच्या मध्ये गेली, माझ्या जन्माच्याही आधी.
त्यांनी कधी सांगितलं नाही, मी कधी विचारलं नाही.
आठच्या आधी त्यांचा हात जरासा थांबतो,
मला वाटायचं, हेच सुंदर.
त्यांचं दुखणं मी वळण म्हणून गिरवलं.

पुढच्या शनिवारी नशिराबाद ओलांडेपर्यंत
स्कूटीवर वाक्यं जुळवत गेले, आणि एकही बोलले नाही.
नुसती करंगळी उघडून दाखवली.
सरांनी तिच्याकडं पाहिलं, मग स्वतःच्या हाताकडं.
"माझ्यापाशी नव्हती, शिकवायची राहून गेली.
तुझी हाये ना? लाव कामाले."

ए मायनर. करंगळी थरथरत गेली
आणि आठ सोडून पडली नवावर,
दुसऱ्या तारेवर, जिथं पाढ्यात काहीच नाही.
मी डोळे मिटले. नापास.

पण सरांनी ए मायनर धरून ठेवलीच नाही.
खाली ई मेजर आली, मोठी, उघडी,
आणि माझा चुकलेला स्वर
तिच्यात बसला, जागा राखून ठेवल्यासारखा.
त्यांनी माझ्या गाडीखाली फलाट सरकवला होता.
"आता पुढं," ते म्हणाले, "थांबू नको."

आणि मी बोलले. काय ते आठवत नाही,
काकू मात्र पोळपाट सोडून दारात आल्या होत्या.

आता चारही बोटं चालतात.
फक्त एफवर, पहिल्या तारेच्या आठवर,
मी अजून अनामिकेनंच उडी मारते.
तेवढा थांबा असू दे.