पान चारशे बारा

इथल्या कोर्टात कागदांच्या गठ्ठ्याला बंडल म्हणतात.
मला हसू आलं, दाबलं.
बर्मिंगहॅममध्ये कुणाला सांगणार
की आमच्याकडे बंडल मारतात.

पान चारशे बारा, बॅरिस्टर म्हणाली.
उघडलं. माझंच अक्षर.
कॉम्प्रेसर, पंखे, गॅसची नळकांडी,
वॉल्सॉलच्या त्या पत्र्याच्या ऑफिसात
एकोणीस वर्षं मी हेच लिहीत आले.
खाली दोन सह्या, सबनीस आणि प्राइस,
एकाच पेनाच्या,
कारण ग्विलिम आपलं पेन कायम घरी विसरायचा.

हॉस्पिटलच्या शीतगृहाचं काम निघालं तेव्हा
ग्विलिम बायपास करून
कार्डिफला बहिणीकडे पडून होता.
निविदा गेली नव्याच नावाने,
केस्ट्रेल कूलिंग.
पत्ता हेमकांतच्या मेहुणीचा, डडलीतला,
खाली केस कापायचं दुकान, वर एक खोली.
पाकीट मीच बंद केलं. तिकीट मीच लावलं.

त्याचा वकील म्हणाला, तसंही ते काम
जुन्या कंपनीला मिळालंच नसतं,
हॉस्पिटलवाल्यांचं प्राइससाहेबांशी फाटलेलं,
मग नुकसान झालं कुणाचं?
न्यायाधीशबाई चष्मा पुसत म्हणाल्या,
नुकसानाचा प्रश्नच नाही.
ज्याच्यावर भिस्त टाकली
त्याने लपवून कमावलेलं त्याचं नसतं.
कलम एकशे पंच्याहत्तर.
कुंपणाने शेत खाऊ नये
याला इथे नंबर आहे.

हेमकांत समोरच बसला होता.
माझ्या नवऱ्याची पेटी उचलणाऱ्या सहांपैकी एक,
डावीकडचा, पुढचा.
माझ्याकडे त्याने पाहिलं नाही.
पाण्याच्या पेल्याकडे बघत राहिला,
तळाशी काहीतरी विरघळायचं राहिल्यासारखा.

तुम्हाला हे कधी कळलं?
जूनमध्ये, मी म्हणाले.
जूनमध्ये मी ग्विलिमला फोन केला.
तेवढं खरं आहे.

कळलं फेब्रुवारीत,
पाकिटाच्या डिंकाला जीभ लावताना.
वहीच्या कडेला पेन्सिलीने तारीख टाकली,
संध्याकाळपर्यंत खोडली.
घराचे हप्ते चालू होते,
आणि दर शुक्रवारी हेमकांत दारात थांबून विचारायचा,
शरयूताई, गुडघा काय म्हणतोय?
असं विचारणारं दुसरं कुणी नव्हतं तेव्हा.

संचालकांसाठी कलमं आहेत.
हिशेब लिहिणारीसाठी मी शोधलं,
लायब्ररीत, दोन शनिवार.
सापडलं नाही.

आभारी आहोत, तुम्ही जाऊ शकता, असं म्हणाले.
बाहेर आले तर ग्विलिमने माझा हात दोन्ही हातांत धरला,
म्हणाला, तू होतीस म्हणून.
त्याचे हात अजून थंडच असतात.

पान चारशे बारा ही झेरॉक्स आहे.
झेरॉक्समध्ये खोडलेल्या अक्षराची खाच येत नाही.
मूळ वही वकिलांच्या कपाटात आहे,
कडेवरून कुणी अजून बोट फिरवलेलं नाही.