टंच

विट्याच्या स्टँडमागं, हैदर आत्तारच्या टपरीत
माझं घड्याळ उघडं पडलंय.
तिन्ही काटे त्यानं चहाच्या बशीत काढून ठेवलेत,
माशीच्या पायांएवढे.
तबकडी निघाली. खाली यंत्र चालूच.
तोंड नसतानाही टकटक थांबली नाही,
हे मला उगीचच आवडलं.

"बोला," आत्तार म्हणतो, डोळ्यातलं भिंग न काढता.
मुंबईहून नवी तबकडी मागवायची तर अठराशे.
अक्षरं सरळ, मुकुट रेखीव,
"मग कुणाच्या बापाला कळणार नाही."
नाहीतर ही कोरी, पांढरी. नाव नाही, गाव नाही.
पण हिचे पाय या यंत्रात बसत नाहीत.
कापावे लागतील, चिकटपट्टीवर ठेवावी लागेल.
तिसरा रस्ता तो सांगत नाही.
तिसरा म्हणजे मी उठून जायचं.

बावीस वर्षं सेलमला गलाई केली.
मूस, टाकणखार, तेजाबाचा पिवळा धूर,
दातांच्या कडा त्यानंच खाल्ल्या.
दागिना कसोटीवर घासायच्या आधी
तळव्याला कळायचा.
बायको म्हणते, झोपेतही तुमची मूठ काहीतरी तोलत असते.

निघालो त्या दिवशी चेल्लप्पन शेठनं
हे घड्याळ स्वतः माझ्या मनगटावर बांधलं.
"ओरिजिनल," म्हणाला.
मुलामा. फार तर अर्धा मायक्रॉन.
मुकुटाखालच्या नावातलं दुसरं अक्षर
किंचित डावीकडं कललेलं.
मी मान डोलावली. रोंब नंद्री, म्हणालो.

विट्यात असलं काही लपत नाही.
दर दुसऱ्या घरातला माणूस भट्टीजवळ बसून आलाय.
पंगतीत वाढप्यापुढं माझा हात गेला की
चौघं आधी मनगट बघतात, मग जिलेबी.
बोलत कुणी नाही. धंद्याची रीतच आहे,
विचारल्याशिवाय टंच सांगायचा नाही.
मेव्हणा अजिनाथ तेवढा म्हणाला,
"दाजी, डायल बदला. खोटंच घालायचं तर नीट घाला."

पितळ पितळ म्हणून विकलं तर पाप नाही.
मग कोरी तबकडी म्हणजे तेच का?
की नाव खरवडून
फक्त माझी मान सोडवून घ्यायची?

काटे बशीत असतानाच एक गोष्ट सुचली,
इतक्या उशिरा, की स्वतःचाच राग आला.
बावीस वर्षांत माझा कस एकदाही चुकला नव्हता
आणि ते शेठइतकं कुणालाच माहीत नव्हतं.
माझ्या नुसत्या "हं" वर तो किलोनं माल उचलायचा.
फसवायचंच असतं
तर फसणारे त्याच्याकडं पुष्कळ होते.
मग हे मला का?
थट्टा म्हणून? शेवटच्या वर्षाची बाकी त्यानं दिलीच नाही.
की गाळा विकून झाल्यावर
खऱ्याचे पैसे उरले नव्हते,
आणि रिकाम्या हातानं निरोप द्यायचा
तर निदान कळणाऱ्या माणसापुढं द्यावा?

आत्तारकडून भिंग मागून घेतलं.
त्यात ते अक्षर भलतंच वाकडं दिसतं,
उंबऱ्याला ठेच लागून
सावरायला बघणाऱ्या माणसासारखं.

"हीच बसवा."
"हीच? मग उघडलं कशाला?"
याला उत्तर नव्हतं. साफसफाईचे शंभर दिले.
काच सदऱ्याला पुसत तो म्हणाला,
"विचार बदलला तर या. पाय शाबूत आहेत."

मायणी रस्त्यावर ऊन. घड्याळ तीन मिनिटं पुढं.
कुणी विचारलंच, तर खरा टंच सांगायचा,
हे पेट्रोल पंपाजवळ ठरलं.
घरापर्यंत टिकतंय का, बघू.
समोरून अजिनाथची गाडी येतेय.
बाही मी खाली ओढली,
मग पुन्हा वर सारली.